परदेशात कायमचं जाताना कारागिराने हत्यारं न्यावीत की विकावीत?

सुतारपक्षी

नमस्कार मंडळी. मी सुतारकाम करतो, फर्निचर आणि इमारतीचं लाकूडकाम दोन्ही. कुटुंबासह कायमचं परदेशी जायचं ठरतंय. कॅनडा आणि आयर्लंड अशा दोन ठिकाणी बोलणं चालू आहे, जिथला परवाना आधी हातात पडेल तिकडे निघू.

प्रश्न हत्यारांचा आहे. हातहत्यारं (पटाशा, रंधे, करवती, गुण्ये, कानशी, हातोड्या) एका मोठ्या ट्रंकेत मावतील. शिवाय बॅटरीवरचा संच, म्हणजे ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, छोटी करवत. तारेवरची गोल करवत, राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र), ग्राइंडर, सँडर. वरून एक लहान टेबल सॉ, कॉम्प्रेसर, दोन नेलर (खिळे मारायची यंत्रं) आणि भरपूर क्लॅम्प. सगळं मिळून साधारण २५० किलो.

"विकून टाक, तिकडे नवी घे" असा सल्ला रोज कोणीतरी देतं. देणाऱ्यांपैकी कोणी कधी रंध्याचं पातं लावलेलं नाही, त्यामुळे इथे विचारतोय. काय न्यावं, कसं पाठवावं आणि कस्टम्समध्ये काय होतं?

बंदरकाठ

मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, म्हणून पाठवण्याच्या हिशोबापासून सुरुवात करतो. तो नीट कळला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

पूर्ण कंटेनर भरण्याइतका तुमचा माल नाही. तो दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जाईल. अशा मालाचं समुद्रभाडं घनमीटरवर किंवा टनावर लागतं, दोन्हींत जे जास्त भरेल त्यावर. १ घनमीटर म्हणजे १ टन असं समीकरण धरतात. तुमचे २५० किलो नीट रचले तर पाऊण घनमीटरच्या आत बसतील. म्हणजे तुम्ही जागेचे पैसे देणार, वजनाचे नाही. बहुतेक ठिकाणी किमान १ घनमीटरचं भाडं घेतातच, तेव्हा क्लॅम्प सोडून जाण्यात काही अर्थ नाही. जागेचे पैसे दिलेत तर ती भरा.

विमानात हिशोब उलटा होतो. तिथे १ घनमीटर म्हणजे १६७ किलो धरतात (लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं). कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात. उशा-गाद्यांना हा आकारमानाचा हिशोब बसतो. लोखंडाला मात्र प्रत्यक्ष वजनच मोजावं लागतं, आणि ते महाग पडतं. माझ्या मते हत्यारांइतका समुद्रमार्गाला सोयीचा घरगुती माल दुसरा नाही.

आता खरी मेख. दरपत्रकात दिसतं ते समुद्रभाडं बहुतेक वेळा सगळ्यांत छोटा आकडा असतो. पोहोचलेल्या बंदरावर हाताळणीचा खर्च, गोदामात कंटेनर उघडून माल वेगळा करण्याचा खर्च, डिलिव्हरी ऑर्डरची फी, कस्टम्स एजंटची फी आणि घरापर्यंतचा ट्रक, हे सगळं वेगळं लागतं. "बंदरापर्यंत" आणि "दारापर्यंत" यांतला फरक एजंटकडून लेखी घ्या. पलीकडच्या बाजूचा प्रत्येक खर्च ओळीओळीने लिहून मागा. लिहून देत नसेल तर दुसरा एजंट बघा.

तारतंत्री

इलेक्ट्रिशियन आहे, विजेचं मी सांगतो. दादा, तुमच्या दोन देशांत यादी पूर्ण वेगळी होते, म्हणून देश ठरेपर्यंत तारेवरचं काहीही पॅक करू नका.

कॅनडात साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आयर्लंडला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ.

तुमची गोल करवत, राउटर, ग्राइंडर यांत कार्बन ब्रशची मोटर असते. तिला हर्ट्झचं फारसं वावडं नसतं, व्होल्टेजचं मात्र असतं. २३० ची मशीन १२० वर लावली तर ती मरगळल्यासारखी फिरते, काम करत नाही. मग लोक म्हणतात ट्रान्सफॉर्मर लावू. १५०० वॅटच्या करवतीला निदान २००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो करवतीपेक्षा जड असतो. त्यात तिकडचं साधं सर्किट १५ अँपिअरचं, म्हणजे १२० ने गुणल्यावर १८०० वॅट. सलग चालणाऱ्या भाराला त्याचे ८० टक्केच धरतात, १४४० वॅट. तुमची दणकट करवत लावली की ब्रेकर पडणार.

टेबल सॉ किंवा कॉम्प्रेसरला इंडक्शन मोटर (बिनब्रशची) असेल तर प्रकरण आणखी वेगळं. तिथे फेरे हर्ट्झवर ठरतात. दोन पोलची मोटर ५० वर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेते, ६० वर ३४५० च्या आसपास. कॅनडातल्या घरात ड्रायर आणि शेगडीसाठी २४० व्होल्टची लाइन असते, तिच्यावर मशीन फिरेलही. पण २० टक्के जास्त वेगाने फिरणारं पातं किंवा सहाणेचं चाक त्याच्यावर छापलेल्या कमाल वेगाच्या वर गेलं तर ते फुटू शकतं. ही गंमत नाही.

शिवाय कॅनडात कामाच्या जागी विजेच्या उपकरणावर सीएसए या सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचा किंवा तिथे मान्य असलेल्या दुसऱ्या संस्थेचा शिक्का बघतात. तो नसलेली मशीन ठेकेदार साइटवर येऊ देत नाही. अपघात झाला तर विमावालाही पहिलं तेच विचारतो.

सुतारपक्षी

@तारतंत्री, म्हणजे आयर्लंड झालं तर प्लग बदलून सगळं चालेल?

तारतंत्री

स्वतःच्या वर्कशॉपमध्ये चालेल. तिथला प्लग तीन चौकोनी पायांचा, आत फ्यूज असलेला. बांधकामाच्या साइटवर मात्र नाही. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये साइटवर हातात धरायच्या मशीनला ११० व्होल्टची पुरवणी लागते. तो पिवळा ट्रान्सफॉर्मर असतो ना, त्याचा मधला बिंदू अर्थला जोडलेला असतो. त्यामुळे कुठल्याही एका तारेला हात लागला तरी जमिनीच्या तुलनेत ५५ व्होल्टच. तुमची २३० ची करवत गेटवरच अडते. त्यामुळे तिथे साइटवर बॅटरीवाल्यांचंच राज्य आहे.

माझा हिशोब सरळ आहे. कॅनडा असेल तर तारेवरचं सगळं विका. आयर्लंड असेल तर राउटर आणि सँडर न्या, बाकी विका.

पान्हा

मी प्लंबर. माझं मत वेगळं आहे, सगळंच विका.

लोकांना वाटतं पान्हा तो पान्हा, जगात कुठेही चालतो. पाइपला आटे पाडायच्या डायचंच बघा. जगात बऱ्याच ठिकाणी बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे) आटे चालतात, त्यांचा कोन ५५ अंश. उत्तर अमेरिकेत एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे), कोन ६० अंश. अर्धा आणि पाऊण इंचात दोन्हींचे इंचाला १४ आटे. त्यामुळे जोड दोन-तीन फेरे छान बसतो, माणूस फसतो, आणि मग गळती लागते. १ इंचाला एकात ११ आणि दुसऱ्यात साडेअकरा. डायचा अख्खा संच तिकडे शोभेची वस्तू होऊन बसतो.

सुतारालाही हे लागूच आहे. कॅनडात "दोन बाय चार" म्हणतात ती फळी प्रत्यक्षात ३८ बाय ८९ मिलिमीटर असते. नकाशे फूट-इंचात. स्क्रूचं डोकं चौकोनी खाचेचं, तिथल्याच रॉबर्टसनचं. मिलिमीटरचा टेप घेऊन साइटवर उभं राहिलात तर दिवसभर मनातल्या मनात भागाकार करत बसाल.

रंधा_आणि_पातं

@पान्हा, डायचं पटलं. पण त्यावरून "सगळंच विका" कसं निघतं? पटाशीला आटे नसतात. २५ मिलिमीटरची पटाशी इंचाच्या देशात लाकूड कापायला नकार देत नाही.

हातहत्यारांची खरी किंमत बाजारात मिळतच नाही. पाठ सपाट केलेली पटाशी, तोंड बारीक करून घेतलेला रंधा, मुठीला हाताची सवय झालेली करवत. विकायला गेलात तर भंगारापेक्षा थोडं जास्त मिळेल, आणि तिकडे नवा संच विकत घेऊन तो या अवस्थेला आणायला कित्येक महिने जातील. टेप, पेन्सिली, स्क्रू, सँडपेपर, ड्रिलबिट, पट्ट्या असल्या वापरून संपणाऱ्या किंवा मापाच्या वस्तू मात्र अजिबात नेऊ नका. त्या तिकडच्या मापाच्याच हव्यात.

गुण्याचं एक. फक्त कोन बघायचा असेल तो न्या, मापं कोरलेला असेल तर देश बघून ठरवा.

पान्हा

बरं, पटाशा न्या :) क्लॅम्पपण न्या. पण कॉम्प्रेसर नेणाऱ्याला मी मूर्खच म्हणेन.

बंदरकाठ

कॉम्प्रेसरबद्दल @पान्हा यांच्याशी सहमत. टाकी ही दाबपात्र आहे, तिचे नियम देशोदेशी वेगळे आणि तिच्या पाटीवरचा शिक्का तिकडे ओळखीचा असेलच असं नाही. वर मोटर चुकीची. पण हवेवर चालणारे नेलर न्या, त्यांना ना व्होल्ट ना हर्ट्झ. फक्त नळीचा कपलर तिकडचा बसवावा लागेल, आणि खिळे तिकडे कोणत्या कोनाच्या पट्टीत मिळतात ते आधी बघून घ्या. गॅसच्या कार्ट्रिजवर चालणारा नेलर असेल तर कार्ट्रिज काढून टाका. ती ज्वलनशील वस्तू आहे, घरगुती सामानात चालत नाही. बारुदाच्या काडतुसावर काँक्रीटमध्ये खिळा मारणारं यंत्र असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

फाईलवाली_ताई

कस्टम्सचं मी सांगते, दस्तऐवजांचं कामच करते.

"घर हलवताना जुनं सामान ड्युटीविना जातं" हे अर्धसत्य आहे. घरगुती सामानाला सवलत असतेच, पण धंद्याच्या हत्यारांबाबत प्रत्येक देशाची भाषा वेगळी आहे, आणि तुमच्यासारख्या माणसाचं नशीब त्या भाषेवरच ठरतं.

अमेरिका या बाबतीत सगळ्यांत उदार. स्थलांतर करून येणाऱ्याने परदेशात स्वतःच्या मालकीची आणि वापरलेली व्यवसायाची हत्यारं आणली तर त्यांना जकात नाही, असं दरसूचीतच वेगळं कलम आहे. सामान मागून येणार असेल तर सीबीपीचा (तिथल्या कस्टम्सचा) ३२९९ नंबरचा फॉर्म भरायचा.

युरोपियन युनियनमध्ये, म्हणजे आयर्लंडलाही, २००९ चा ११८६ क्रमांकाचा नियम लागू आहे. बाहेर सलग १२ महिने राहिलेल्या माणसाला निवास बदलताना वैयक्तिक सामान करमुक्त आणता येतं. वस्तू निदान ६ महिने वापरलेली हवी, आणि तिकडे स्थायिक झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत आणायची. पण व्यवसायात वापरायच्या वस्तू यातून वगळल्या आहेत. अपवाद फक्त कला-कौशल्याच्या व्यवसायातल्या, हातात नेता येतील अशा साधनांचा. पटाशा आणि रंधे त्या अपवादात बसवायला जागा आहे. टेबल सॉ बसवायला गेलात तर वाद होणार. इथे चालू असलेला धंदा बंद करून तोच तिकडे हलवणाऱ्यांसाठी त्याच नियमात वेगळा भाग आहे, पण त्यासाठी धंदा नोंदलेला असावा लागतो आणि यंत्रं १२ महिने वापरात असल्याचं दाखवावं लागतं. आणि ही सवलत जकातीतली आहे. व्हॅटचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

कॅनडात स्थायिक होणाऱ्याची सवलत घरगुती आणि वैयक्तिक वापराच्या वस्तूंना आहे. छंदाची हत्यारं त्या यादीत येतात. पण बांधकाम, कंत्राटी काम किंवा उत्पादनात वापरायच्या उपकरणांना सवलत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तेव्हा कर भरावा लागेल असं धरूनच बजेट करा. नाही लागला तर आनंदच.

कॅनडाचा एक मुद्दा मात्र लोक हमखास विसरतात. पहिल्यांदा देशात उतरता तेव्हाच बरोबर आणलेल्या आणि मागून येणाऱ्या सामानाच्या दोन याद्या द्यायच्या असतात. फॉर्म बीएसएफ १८६, पूर्वी त्याला बी ४ म्हणत. मागून येणाऱ्या यादीत जे नाही त्याला नंतर सवलत नाही. आणि सवलतीत आणलेली वस्तू पहिल्या १२ महिन्यांत विकली किंवा देऊन टाकली तर कर भरावा लागतो. युरोपातही १२ महिने विकायची, भाड्याने किंवा उसनी द्यायची बंदी आहे.

सुतारपक्षी

@फाईलवाली_ताई, मग "छंदाची हत्यारं" म्हणूनच लिहिली तर?

फाईलवाली_ताई

लिहू नका. व्हिसाच्या कागदांवर व्यवसाय सुतार, नोकरीच्या पत्रात सुतार, आणि पेटीत चाळीस पटाशा छंदाच्या? अधिकाऱ्यासमोर हीच फाईल उघडलेली असते. खोटं सापडलं की हत्यारांचा कर तर भरावा लागतोच, वर उरलेल्या सामानाचीही कसून तपासणी होते.

उलट यादीच इतकी नीट करा की शंकाच राहू नये. पेटीचा नंबर, त्यात काय, मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, किती वर्षं वापरलं, आणि आजची जुन्या बाजारातली किंमत. नव्याची किंमत टाकू नका, हास्यास्पद कमीही टाकू नका. "सुतारी सामान, १ पेटी" एवढंच लिहिलंत तर पेटी उघडणार हे नक्की. प्रत्येक हत्याराचा वापरलेल्या अवस्थेत फोटो काढा. निघताना घेतलेलं नवंकोरं काही असेल तर ते वेगळं दाखवा आणि त्याचा कर भरा. डब्यातलं पॅकबंद ड्रिल "सहा महिने वापरलेलं" कसं दिसणार?

कात्री_कंगवा

विषयाला थोडा फाटा फोडते, क्षमस्व. मी केशकर्तन करते, माझाही असाच प्रश्न आहे. कात्र्या नेणारच, क्लिपरचं काय?

तारतंत्री

ताई, कात्र्या सुखेनैव न्या, पण चेक-इन बॅगेत. क्लिपर तारेचा आणि आत कॉइल-मॅग्नेट असलेला, टकटक करणारा असेल तर तो विजेच्या हर्ट्झशी जुळवलेला असतो. ५० चा ६० वर लावला की पाती वेडीवाकडी थडथडतात, ट्रान्सफॉर्मर लावूनही ते सुटत नाही. रिचार्जचा असेल तर चार्जरवर "इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ" लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर फक्त प्लगचा प्रश्न.

सुतारदादा, तुमच्या बॅटरी चार्जरलाही हीच परीक्षा. व्यावसायिक संचांचे चार्जर बहुधा एकाच व्होल्टेजचे असतात.

कात्री_कंगवा

माझा टकटकवालाच आहे. विकते. धन्यवाद!

बॅटरीबहाद्दर

लिथियम बॅटऱ्यांचं कोणी बोललंच नाही अजून.

बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेलं असतं. नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (एएच). १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९० वॅट-अवर. ६ एएच म्हणजे १०८. ९ एएच म्हणजे १६२.

प्रवासी विमानात १०० वॅट-अवरपर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या. चेक-इनमध्ये सुटी बॅटरी चालत नाही. १०० ते १६० मधल्या दोनच, त्याही एअरलाइनची परवानगी आधी घेऊन. १६० च्या वर प्रवाशाला नाहीच. त्यामुळे ९ एएचवाल्या बॅटऱ्या इथेच कोणाला तरी द्या. ५ एएचच्या दोन-तीन टोकांना चिकटपट्टी लावून हातात घ्या. कितीपर्यंत चालतात ते एअरलाइनला विचारा, प्रत्येकीची मर्यादा वेगळी आहे. ड्रिलचं नुसतं शरीर चेक-इनमध्ये.

जहाजाने पाठवायचं तर बॅटरी हा धोकादायक माल ठरतो, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन ३४८०, किंवा यंत्राबरोबर असेल तर ३४८१. वेगळी घोषणा, वेगळं लेबल. घरसामान नेणाऱ्या बऱ्याच कंपन्या सरळ नाही म्हणतात. "सांगायचंच नाही, कोण बघतंय" असं करणारे आहेत. जहाजावर आग लागली तर सगळ्या कंटेनरवाल्यांचं वाटोळं होतं, तेव्हा कृपया तो मार्ग धरू नका.

चांगली बातमी अशी की मोठ्या ब्रँडांची १८ व्होल्टची बॅटरी बहुतेक देशांत तीच बसते. डीवॉल्टचं युरोपातलं १८ व्होल्ट आणि अमेरिकेतलं "२० व्होल्ट मॅक्स" ही एकच बॅटरी आहे, नाव फक्त वेगळं (कमाल व्होल्टेज छापलं की मोठं दिसतं, दुसरं काही नाही). तेव्हा मशीन न्या आणि चार्जर तिकडे घ्या.

जाणकार_नाही

एटीए कार्ने काढला तर सगळीच कटकट मिटते असं ऐकलं होतं. हत्यारांसाठीच असतो ना तो?

फाईलवाली_ताई

तो परत येणाऱ्या मालासाठीचा कस्टम्सचा कागद. प्रदर्शन, शूटिंग, परदेशातलं ठरावीक मुदतीचं काम. जास्तीत जास्त एक वर्षाची मुदत, आणि माल परत नेला नाही तर तारण ठेवलेल्या रकमेतून तिकडची ड्युटी वसूल होते. कायमचं जाणाऱ्याने कार्ने काढणं म्हणजे स्वतःला एक वर्षानंतरचं बिल पाठवून ठेवणं.

थापी_ओळंबा

गवंडीकाम करतो, ऑस्ट्रेलियात आलो. इकडे आणि न्यूझीलंडला ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी.

इथे ड्युटीपेक्षा जैवसुरक्षेची भीती जास्त. हत्यारावर माती, सुकलेलं गवत, लाकडाचा भुसा, किड्याचं घरटं असलं काही दिसलं की साफसफाई किंवा धुरी त्यांच्या दराने आणि तुमच्या खर्चाने होते. माझ्या फावड्याच्या बूडखोबणीतली माती टोकदार तारेने काढावी लागली. सुतारांनी रंध्याच्या पोटातला भुसा, टूलबॉक्सचे कोपरे, सँडरची धुळीची पिशवी हे सगळं हवेच्या झोताने साफ करा. सँडरची पिशवी तर नवीच घाला. कॅनडालाही माती चालत नाही.

दुसरं म्हणजे ॲस्बेस्टॉस. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून त्यावर पूर्ण बंदी आहे, "थोडंसं" असा प्रकारच नाही. जुन्या यंत्राच्या ब्रेक किंवा क्लचच्या अस्तरात, गॅस्केटमध्ये ते असू शकतं. आजोबांच्या काळचं मशीन भावनेपोटी आणू नका.

आणि लाकडी खोका. तो साध्या लाकडाचा केला तर आयएसपीएम १५ चा (पॅकिंगच्या लाकडातली कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं असतं, शिक्क्यावर एचटी लिहितात. हा नियम कॅनडा-युरोपलाही आहे. प्लायवूडला तो लागत नाही. सुतारदादा, तुम्ही खोका स्वतःच करणार हे दिसतंच आहे, तेव्हा प्लायचा करा, खालच्या पट्ट्याही प्लायच्याच.

सुतारपक्षी

खोक्याचं चित्र कालच काढलं होतं, त्यात सागाच्या पट्ट्या होत्या :) बदलतो.

माझ्या काही पटाशांच्या मुठी शिसवी आहेत. ऐकलंय की शिसवावर काही आंतरराष्ट्रीय बंदी आहे?

रंधा_आणि_पातं

बंदी नाही, नियंत्रण आहे. २०१७ पासून डॅल्बर्जिया या अख्ख्या प्रजातीवर (जीनस) साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टाचे नियम आहेत, त्यात शिसव आलाच. पण तयार वस्तूंमधलं त्या लाकडाचं एकूण वजन एका पाठवणीत १० किलोपर्यंत असेल तर सूट आहे, २०१९ मध्ये तसा बदल झाला. तुमच्या सगळ्या मुठी मिळून त्याच्या जवळपासही जाणार नाहीत. ब्राझीलचा शिसव मात्र पहिल्या परिशिष्टात आहे, १९९२ पासून, त्याला परवाना लागतो. परदेशी जुना रंधा कोणी जमवला असेल तर मूठ कसली आहे ते बघावं. हस्तिदंत लावलेलं काही असेल तर घरीच ठेवा.

आता गंजाबद्दल, कारण समुद्रमार्गे जायचं म्हणजे गंज हाच खरा शत्रू. कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो, छताला दव धरतं आणि खाली ठिबकतं. थेट पाणी लागलं नाही तरी आतली हवा दमट राहते. प्रत्येक पातं पुसून, कोरडं करून, जाडसर तेलाचा हात द्या. फवाऱ्याचं पातळ तेल यासाठी नाही, ते काही आठवड्यांत उडून जातं. मग गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळा आणि पिशवीत बंद करा. तो कागद हळूहळू वाफ सोडतो आणि ती धातूवर बसते, म्हणूनच बंद पिशवीत काम करतो. उघड्या खोक्यात नाही.

वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ते ओल धरतं. चामड्याच्या गुंडाळीत पटाशा ठेवून पाठवू नका, कातडं कमावतानाची आम्लं पोलादाला चावतात. सिलिका जेल पिशवीच्या आत. कॅल्शियम क्लोराइडची मोठी पुडी खोक्यात टाकणार असाल तर ती हत्यारांच्या वर टांगू नका. ती ओल शोषून पाणीदार होते, आणि तो खारा थेंब रंध्यावर पडला तर सगळ्या तेलपाण्याची मेहनत वाया.

धारेला प्लॅस्टिकची टोपी किंवा जाड पुठ्ठा लावाच. तपासणी करणारा माणूस आत हात घालणार आहे. त्याचं बोट कापलं तर पुढची तपासणी कशी होईल याची कल्पना करा.

बंदरकाठ

पॅकिंगचं आणखी थोडं. एकच अजस्र खोका करा, पण आत २०–२५ किलोच्या लहान पेट्या. गोदामातून पुढे त्याच हलवायच्या असतात. बाहेरून "टूल्स" असं लिहू नका, नुसता नंबर. यादी तुमच्याकडे.

विमा. तुम्ही स्वतः पॅक केलेल्या मालाचा विमा बहुधा आतल्या मोडतोडीला लागू होत नाही, पूर्ण खोका हरवला तरच पैसे. गंजही बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस या मालाच्या विम्याच्या ठरावीक अटींची ए, बी, सी अशी तीन प्रतवारी असते, ए सगळ्यांत व्यापक. तरी अगदी किमान विमा घ्याच, आणि त्याचं कारण लोकांना माहीत नसतं.

जनरल ॲव्हरेज नावाची जुनी सागरी प्रथा आहे. जहाज वाचवायला काही खर्च किंवा त्याग करावा लागला तर त्याचा वाटा जहाजावरच्या सगळ्या मालकांनी उचलायचा. तुमच्या पेटीला खरचटलंही नसलं तरी. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन ही मालवाहू बोट सुएझ कालव्यात आडवी अडकली तेव्हा तिच्या मालकांनी हीच घोषणा केली होती. मग हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

घाईने आधी पाठवूही नका. बऱ्याच देशांत मालक स्वतः दाखल झाल्याशिवाय सवलतीत माल सोडत नाहीत, आणि तोवर गोदामभाडं रोज चढतं.

सुतारपक्षी

म्हणजे मी पोचल्यावर दोन-तीन महिने हत्यारांविना? पहिल्याच आठवड्यात कामावर हजर व्हायचंय.

थापी_ओळंबा

म्हणूनच दोन भाग करायचे. चेक-इन बॅग बहुतेक ठिकाणी २३ किलोची, आणि जादा पैसे भरले तरी एका नगाला ३२ किलोच्या वर घेत नाहीत, उचलणाऱ्यांच्या पाठीसाठी. एक बॅग फक्त रोजच्या कामाची. दोन-तीन पटाशा, एक ब्लॉक रंधा, हातोडी, गुण्या, एक करवत, ड्रिल आणि इम्पॅक्टची शरीरं. बाकी मागून. नवा मालक मोठ्या मशीन बहुधा स्वतः देतो, हातहत्यारं मात्र तुमचीच लागतात. नोकरीच्या पत्रात हे आहे का बघा, नसेल तर ईमेल टाकून विचारा.

सुतारपक्षी

विचारलं. कॅनडावाले म्हणतात तारेवरच्या मशीन कंपनीच्या, हातहत्यारं आणि बॅटरीचा संच तुमचा. म्हणजे टेबल सॉ आणि कॉम्प्रेसर आजच विकायला काढतो.

लाकडी रंध्यांचं काय पण? दोन आहेत, वडिलांचे.

रंधा_आणि_पातं

न्या, पण लगेच वापरू नका. कॅनडात हिवाळ्यात घरं तापवलेली असतात आणि आतली हवा फार कोरडी होते. दमट हवेतून आलेलं लाकूड आकसतं, तळ वाकडा होतो, क्वचित चीर जाते. पातं आणि पाचर ढिली करूनच पॅक करा. घट्ट ठोकलेल्या पाचरेभोवती लाकूड आकसलं तर गालफाड फुटतं. पोचल्यावर काही आठवडे गार कोपऱ्यात राहू द्या, हीटरपासून लांब. मग तळ पुन्हा सरळ करून घ्या.

हातोड्यांनाही हेच. दांडा सुकला की डोकं सैल होतं. कामावर पहिला घाव घालायच्या आधी डोकं हलवून बघा आणि लागलं तर नवी पाचर मारा.

सुतारपक्षी

हातोडीचं डोक्यातही आलं नसतं. यादी करायला बसलोय, सिरीयल नंबर वाचायला भिंग लागतंय. फाईलवाली ताई, ज्या हत्यारांवर नंबरच नाही त्यांचं काय करायचं?

फाईलवाली_ताई

मोजून गटाने लिहा. "पटाशा, ६ ते ४० मिमी, लाकडी मूठ, वापरलेल्या, नग १२, एकूण किंमत अमुक." आणि सगळ्या एका कापडावर मांडून एक फोटो, कडेला पट्टी ठेवून.